लाकूड, दगड आणि मधली फट

(घरकामगार आणि बांधकाम मजूर स्त्रियांच्या घाटकोपर येथील एकत्र मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला इथे बोलवलं तेव्हा सांगितलं होतं की आपल्या कामाविषयी बोला. माझं काम लादीचं. गेली काही वर्षं लाकडी लादीचंही. माझी आई १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून घाटकोपरला आली आणि नाक्यावर उभी राहू लागली. मीही तिथूनच सुरुवात केली. घमेलं उचलायचं, रेती चाळायची, पाणी मारायचं. नाक्यावर बाई म्हणजे बिगारी, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. वीस वर्षं काम केलेली बाईही बिगारीच, आणि तिच्या डोळ्यांदेखत शिकलेला पोरगा चार वर्षांत मिस्त्री होतो. मग त्याची हजेरी वेगळी, तिची वेगळी. समान कामाला समान दाम हा कायदा १९७६ साली झाला, २०१९ च्या वेतन संहितेतही तेच लिहिलं आहे. पण कायदा म्हणतो समान काम. आणि समान काम आपल्या हातात येऊच द्यायचं नाही, ही युक्ती त्याहून जुनी आहे. थापी हातात घ्यायला मला अकरा वर्षं लागली. आज आम्ही तिघी मिळून अंधेरी, मुलुंड, बोरिवलीकडे लहान लहान कामं घेतो.

पण आज मला गाऱ्हाणं सांगायचं नाही. एक अगदी बारीक गोष्ट सांगायची आहे, लाकडाची लादी आणि दगडाची लादी जिथे एकमेकींना भेटतात त्या सांध्याची. तुम्ही म्हणाल, आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत कुठली लाकडी लादी? खरं आहे. पण ती पुसायला आपल्यातल्याच निम्म्याजणी जातात, आणि ती बिघडली की बोलणीही त्याच खातात. म्हणून ऐका.

पावसाळ्यात दार घासतं, हे कुणाला सांगायला नको. जूनमध्ये नीट लागणारं दार ऑगस्टमध्ये खांद्यानं ढकलावं लागतं आणि दिवाळीनंतर पुन्हा सैल होतं. लाकूड कापलं, वाळवलं, पॉलिश केलं तरी हवेतला ओलावा घेत राहतं आणि सोडत राहतं. मात्र ते सगळ्या बाजूंनी सारखं फुगत नाही. रेषांच्या दिशेनं, म्हणजे लांबीत, जवळजवळ नाहीच. फुगतं ते आडवं, रुंदीत. घरी एकाच फळीतून कातलेला जुना सागवानी पोळपाट असेल तर त्याच्यावर दोरा धरून बघा, एकदा रेषांच्या बाजूनं आणि एकदा आडवा. कातला तेव्हा गोल होता, आता आडव्या बाजूनं किंचित कमी भरेल. आपल्या जुन्या वाड्यांत, कोकणातल्या घरांत लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो. खालची ओल खांबाला लागू नये म्हणून तो तळखडा. आणि खांब उभा, म्हणजे त्याच्या रेषा उभ्या, त्यामुळे उंचीत तो कमीजास्त होत नाही. दगड आणि लाकूड तिथे शंभर वर्षं सुखानं नांदतात. भांडण होतं ते दोघं एका पातळीवर शेजारी शेजारी आले की.

थोडा हिशेब करू. साग हे शांत लाकूड मानतात. तरीही साध्या चिरलेल्या सागवानी फळीत ओलावा एक टक्क्यानं वाढला तर मीटरमागे सुमारे दोन मिलिमीटर रुंदी वाढते. गाभ्याकडून उभी चिरलेली फळी असेल तर त्याच्या निम्मीच. आता मुंबईची हवा घ्या. पावसाळ्यात ती पाण्यानं भरलेली, जानेवारीच्या दुपारी बरीच कोरडी, आणि वर एसी लावला की आणखी कोरडी. लाकडातला ओलावा तीन टक्के वरखाली होणं इथे काहीच विशेष नाही. तीन मीटर रुंदीची खोली धरली तर तीन गुणिले तीन गुणिले दोन, झाले अठरा मिलिमीटर. सगळे अठरा एका जागी दिसत नाहीत. फळ्याफळ्यांतल्या बारीक फटी काही गिळतात, पॉलिशमुळे ओलावा हळू शिरतो. पण उरलेलं कुठेतरी जाणारच. शेजारची दगडाची लादी तेवढ्याच अंतरात, दहा अंशांनी तापली तरी, पाव मिलिमीटरसुद्धा हलत नाही. एक हलणारी, एक न हलणारी. दोघींना सिमेंटनं चिकटवून टाकलं की हलणारीला वर उचलल्याशिवाय गत्यंतर नसतं.

म्हणून फट ठेवायची. भिंतीला लागून सगळीकडे दहा-बारा मिलिमीटर, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. दाराशी दगड आहे तिथे किती, हे फळ्यांच्या दिशेवर अवलंबून. फळ्यांची टोकं दगडाकडे असतील तर चार-पाच मिलिमीटर पुरतात, कारण लांबीत लाकूड वाढत नाही. पण फळ्या उंबऱ्याला समांतर असतील तर खोलीची सगळी रुंदी त्या उंबऱ्यावर येऊन आदळते. तिथे दहा-बारा हवेतच. हे एवढं साधं गणित मला कुठल्या मिस्त्रीनं सांगितलं नाही. पट्टी घेऊन दोन पावसाळे मोजलं तेव्हा समजलं. (फळ्या एकमेकींत बसतात त्या सांध्याला सुतार ‘नर-मादी’ म्हणतात. मी आमच्या पोरींना जीभ आणि खाच म्हणायला शिकवलंय. ठेकेदार हसतात, हसू देत.)

कामाचा क्रम असा. आधी दगड, मग लाकूड, नेहमी. दगडाची कड सांध्याच्या बाजूला खालून भरीव बसली पाहिजे. थापीच्या मुठीनं ठोकून बघायचं, पोकळ आवाज आला तर ती कड वर्षभरात उडणार. नवीन कोबा असेल तर तो वाळू द्यायचा. चाळीस-पन्नास मिलिमीटर जाडीच्या कोब्याला दीड-दोन महिने तरी धरा, पावसाळ्यात त्याहून जास्त. मीटरभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून दोन-तीन दिवस ठेवायचं. खाली घाम धरला तर अजून वेळ आहे. लाकूड त्याच खोलीत आठवडाभर पडू द्यायचं. पातळी पाण्याच्या नळीनं बघायची आणि लाकूड खाली पडत असेल तर पाणी सोसणारा प्लाय खाली घालून उचलायचं. बसवताना फटीत पाचरी ठोकतो, त्या काम संपल्यावर काढायच्या. हसू नका, कित्येक घरांत त्या स्कर्टिंगखाली तशाच राहिलेल्या सापडतात.

मग फट झाकायची कशी? पितळेची किंवा ॲल्युमिनियमची टी-पट्टी मिळते. तिचा मधला पाय फटीत, खालच्या कोब्याला पक्का करायचा, आणि दोन पंख दोन्ही लाद्यांवर नुसते टेकवायचे. लाकडाच्या बाजूचा पंख कधीच चिकटवायचा नाही, लाकूड त्याच्याखालून सरकलं पाहिजे. पातळीत फरक असेल तर उतरती पट्टी येते. ज्यांना पट्टी दिसायला नको असते त्यांच्यासाठी कॉर्कची पट्टी दाबून बसवतात, किंवा लवचीक सीलंट भरतात. चिकटवून बसवलेल्या लाकडाला ते चालतं. ज्याला सगळे वुडन फ्लोअरिंग म्हणतात पण जे खरं म्हणजे दाबलेल्या भुशाचं लॅमिनेट असतं, ते नुसतं फोमवर तरंगत ठेवलेलं असतं, अख्खंच्या अख्खं सरकतं. त्याला पट्टीच हवी, दर दारात हवी. आणि मुंबईत बहुतेक वेळा काय भरतात? पांढरं सिमेंट. त्यात रंग मिसळून, वरून चोळून. चार महिने इतकं छान दिसतं की बिल निघून जातं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगितलं ते.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये अंधेरीच्या एका टॉवरमध्ये आम्हाला दुरुस्तीला बोलवलं. हॉलला इटालियन मार्बल, बेडरूमला लाकूड, आणि दाराशी लाकडाचा तंबू झालेला. पायानं दाबलं तर खाली जायचा, सोडलं की वर. मालकीणबाई म्हणाल्या, बाईनं बादलीभर पाणी ओतून पुसलं. बाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. तिचा महिन्याचा पगार अडकवला होता आणि पुढच्या दोन महिन्यांतून कापायचं ठरलं होतं. ती एक शब्द बोलत नव्हती. नंतर जिन्यात मला म्हणाली, ताई, मला वाटलं खरंच माझ्या हातून झालं असेल.

आम्ही सांधा उघडला. लाकूड थेट मार्बलला भिडलेलं, वर बोटभर पांढरं सिमेंट. समोरच्या भिंतीकडचं स्कर्टिंग काढलं तर तिथेही फट नाही, पाचरी जागच्या जागी. मी मालकीणबाईंना खाली बसवून हात लावायला लावला. म्हटलं, हे घर कुलूप लावून बंद ठेवलं असतं तरी ऑगस्टमध्ये हेच झालं असतं. पगार त्याच संध्याकाळी मिळाला. माफी कुणी मागितली नाही. ज्या ठेकेदारानं काम केलं होतं त्याला फोनसुद्धा गेला नाही, आणि ह्याचं मला जास्त वाईट वाटलं. इतके लाख घेणाऱ्याची चूक असू शकते हे शेवटपर्यंत कुणाच्या मनात येत नाही, आणि पोछा मारणारीची मात्र सगळ्यात आधी येते.

तेव्हा फरक कसा ओळखायचा ते लक्षात ठेवा. पाण्यानं बिघडलेलं लाकूड जिथे पाणी साचतं तिथेच बिघडतं. कुंडीखाली, बाल्कनीच्या दाराशी, बाथरूमच्या उंबऱ्यालगत. फळ्यांच्या कडा फुगतात, लॅमिनेट असेल तर सांध्यांवर ओठ आल्यासारखे दिसतात, डाग पडतो, आणि पाऊस गेला तरी ते परत बसत नाही. फट नसल्यानं बिघडलेलं लाकूड अख्खं उचललं जातं, पोकळ वाजतं, स्कर्टिंग बाहेर ढकलतं, दाराची पट्टी उखडतं. पावसाळ्यात वाढतं आणि हिवाळ्यात पुष्कळसं खाली बसतं. तिसरा प्रकार खालून आलेल्या ओलीचा. त्यात सगळ्या फळ्या पन्हळीसारख्या खोलगट होतात आणि शेजारच्या दगडाच्या सांध्यांत बहुतेक वेळा पांढरं मीठ फुटलेलं दिसतं. शंका आली तर करवतीचं जुनं पातं दाराच्या पट्टीखाली किंवा स्कर्टिंगखाली सरकवून बघायचं. ते सरळ आत गेलं तर फट आहे. लगेच अडलं तर ठेकेदाराला बोलवा म्हणायचं, बाईला नव्हे.

पाण्यानं कधीच बिघडत नाही असं मी म्हणत नाही. लॅमिनेटवर ओथंबलेलं फडकं फिरवलं तर ते बिघडणारच. फडकं इतकं पिळायचं की पुसल्यावर मिनिटभरात जमीन कोरडी झाली पाहिजे. आणि हे सांगणं मालकिणीचं काम आहे, पहिल्या दिवशी. फिनेल टाकून दोन बादल्यांनी पुस असं स्वतःच सांगायचं आणि फुगल्यावर पगार कापायचा, हे चालणार नाही.

कायद्याचं विचाराल तर घरकामगारांसाठी आपल्या राज्यात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. तो मुख्यतः नोंदणीचा आणि लाभांचा. नोंदणी जरूर करा. पण नुकसानीच्या नावानं पगार कापला तर त्यातून फारसं काही हाती लागत नाही, तिथे संघटनाच लागते. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला तोही कुठल्या कायद्याच्या आधारानं नव्हता. माझी सूचना एवढीच आहे की संघटनेच्या बायका अशा भांडणाला जातील तेव्हा सोबत लादी जाणणारी एक बाई न्यावी. घाटकोपरच्या, मुलुंडच्या नाक्यावर अशा बायका आहेत. त्यांना बिगारी म्हणतात, पण वीस वर्षं मिस्त्रीच्या शेजारी बसून त्यांनी सगळं पाहिलेलं असतं. आणि नवीन घरी काम धराल तेव्हा पहिल्याच आठवड्यात दाराचे सांधे, बाल्कनीची कड, बाथरूमचा उंबरा यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फोटोवर तारीख आपोआप राहते.

मी टी-पट्टीचे दोन-तीन तुकडे, कॉर्क, आणि त्या अंधेरीच्या घरातून काढलेल्या दोन फळ्या आणल्या आहेत. मधल्या टेबलावर ठेवल्यात. चहाच्या वेळी हातात घेऊन बघा, आणि ज्यांना पातं सरकवून बघायचंय त्यांनी माझ्याकडे या.