घरच्या संगणकाचा पहारेकरी
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आरती आणि प्रसाद यांच्या मधल्या वेळात आम्हाला उभं केलंय, तेव्हा वेळ बेतानेच घेऊ. 'आम्ही' म्हणजे आम्ही दोघं. एक बँकेतून निवृत्त, एक शाळेतून. संगणकाचं शिक्षण दोघांचंही नाही. तरी कार्यकारिणीने 'अँटीव्हायरस कोणतं घ्यावं' हा विषय आमच्याकडे दिला, कारण आमच्या घरी जे घडलं ते इथे सगळ्यांना अर्धंमुर्धं ठाऊक आहे. आज पूर्ण सांगतो.

२०१९ चा ऑगस्ट. गणपती २ सप्टेंबरला बसणार होते आणि याच स्मरणिकेची पानं लावायचं काम आमच्या घरी चाललं होतं. पानं लावायचं सॉफ्टवेअर महाग, म्हणून ओळखीच्या एका मुलाने 'क्रॅक' आणून दिलं. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ होती, आधी अँटीव्हायरस बंद करा. आमच्याकडे पैसे भरून घेतलेलं, मुदत न संपलेलं अँटीव्हायरस होतं. त्याने लाल चौकट दाखवली, दोनदा दाखवली. आम्ही ते बंद केलं. स्मरणिका वेळेवर छापायची होती ना!

संध्याकाळपर्यंत प्रत्येक फाइलच्या नावाला एक विचित्र शेपूट चिकटलं आणि एकही उघडेना. शेजारी एक इंग्रजी चिठ्ठी. किल्ली हवी असेल तर ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९०. म्हणजे तेव्हाच्या भावाने पस्तीस हजाराच्या आसपास. सवलतीचीसुद्धा सोय!

त्या संगणकात काय होतं? स्मरणिकेचा मजकूर होता, तो लेखकांकडून पुन्हा मिळाला. घरचे फोटो होते. आणि बाबांचं काम होतं. शिंदे सरकारच्या चाकरीतल्या आमच्या पणजोबांचे मोडी कागद बाबांनी स्कॅन करून घेतले होते, आणि एकेक कागद वाचून बाळबोधीत टंकून काढला होता. अकरा वर्षं ते हेच करत होते. ते २०१७ साली गेले. मोडी वाचणारे घरात ते शेवटचे.

दुकानदाराने पाहिलं आणि सहज विचारलं, "अंकल, फॉर्मेट मार दूँ?" आम्ही नको म्हणालो आणि आतली डिस्क काढून कपाटात ठेवली. शहाणपणाने नाही हो, धीर होईना म्हणून. पण तेच उपयोगी पडलं. ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडच्या एमसिसॉफ्ट कंपनीने त्या जातीच्या व्हायरसच्या १४८ प्रकारांवर मोफत तोडगा काढला आणि आमचा प्रकार त्यात निघाला. मात्र अट अशी की एकाच फाइलची मूळ प्रत आणि कुलूप लागलेली प्रत असा जोड द्यायचा, मग त्या जातीच्या बाकीच्या फाइली उघडतात. इंदूरच्या आत्याकडे बाबांनी दिलेला एक पेन ड्राइव्ह होता, त्यात काही स्कॅन निघाले. त्या जोडावर सगळे मोडी कागद परत आले. टंकलेल्या मजकुराची मूळ प्रत मात्र कुणाकडेच नव्हती. तो आजही बंद आहे.

आपला किल्ला रोज डोळ्यांसमोर असतो. ऑगस्ट १७८० मध्ये पॉपहॅमच्या शिपायांनी तो मराठ्यांकडून घेतला तेव्हा ते दरवाजाने आले नाहीत, रात्री शिड्या लावून कडा चढले, आणि वाट दाखवणारे आसपासचेच होते. आमच्याकडे वाट दाखवणारे आम्हीच.

तेव्हा 'सर्वांत चांगलं अँटीव्हायरस कोणतं' या प्रश्नाला आमचं उत्तर असं, की जे तुम्ही बंद करणार नाही ते. संगणक इतका मंदावला की माणूस वैतागून पहारेकऱ्यालाच घरी पाठवतो, असं महागडं सॉफ्टवेअर जुन्या यंत्रावर घेऊन काय करायचं?

आता खरेदीचं. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने डिफेंडर नावाचं अँटीव्हायरस आतच दिलेलं आहे, फुकट. सुरुवातीला त्याला कुणी फारसं विचारत नसे. आता जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या निकालांत ते विकतच्यांच्या पंक्तीला बसतं. हे निकाल कुणालाही पाहता येतात, जाहिरातीपेक्षा ते पाहावेत. वीजबिल, बँक, नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढंच काम असेल, तर आमच्या मते डिफेंडर पुरे. त्यात 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाची एक सोय आहे. अनोळखी प्रोग्रामला तुमच्या कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये ती हात घालू देत नाही. बहुधा ती बंद असते, शोधून चालू करावी लागते. २०१९ मध्ये आमच्याकडे विंडोज ७ होतं, त्यात हे नव्हतं.

मग विकत घ्यावंच का? कधी कधी घ्यावं. घरात एक वृद्ध एकटे असतील, काही लाल दिसलं की घाबरत असतील, तर फोनवर माणूस मिळणं यालाच खरी किंमत आहे. क्विक हीलचं नाव इथे निघणारच. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करत, धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिले, आणि त्यातून उभी राहिलेली कंपनी २०१६ साली शेअर बाजारात आली. अभिमान वाटतोच. पण अभिमानापोटी मिठाई घ्यावी, अँटीव्हायरस नाही. कोणत्याही कंपनीचं घेण्याआधी तिच्या मदतीच्या नंबरवर एकदा फोन लावा. किती वेळ ताटकळत ठेवतात, हिंदीत किंवा मराठीत नीट बोलतात का, ते ऐका आणि मग पैसे द्या. पहिल्या वर्षीची किंमत आणि नूतनीकरणाची किंमत वेगळी असते, तीही आधीच विचारा. कार्डावरून दरवर्षी आपोआप पैसे कापायला संमती देऊ नका.

एका वेळी एकच ठेवा. आमचे एक स्नेही दोन ठेवत, जास्त सुरक्षित म्हणून. दोघे एकमेकांनाच चोर समजून भांडत आणि संगणक सुरू व्हायला चहा होऊन जाई. विकतचं नीट बसवलं की डिफेंडर आपणहून बाजूला होतं, त्याची काळजी नको.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी एक सांगायचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबली. भिंतीलाच भोक पडलं तर पहारेकरी कितीही चांगला असो, उपयोग थोडा. यंत्र विंडोज ११ घेत असेल तर बदलून घ्या.

आणि जे कोणत्याच अँटीव्हायरसच्या आवाक्यात नाही ते फोनवरून येतं. पडद्यावर 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस, या नंबरवर फोन करा' असं आलं तर तो व्हायरस नव्हे, तो फोन उचलणारा चोर आहे. आपल्याच ग्वाल्हेरात २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये एका आश्रमाच्या सचिवांना २६ दिवस 'डिजिटल अरेस्ट' सांगून अडीच कोटींहून जास्त रक्कम काढून घेतली. शिकलेली, जबाबदार व्यक्ती. असा फोन आला तर ठेवून द्या आणि घरातल्या कुणाला तरी लगेच सांगा, लाज धरू नका. पैसे गेले असतील तर १९३० वर तत्काळ, त्याच तासात.

आम्ही आता डिफेंडर वापरतो. महत्त्वाच्या फाइलींच्या दोन प्रती ठेवतो. एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, जी काम झालं की काढून ठेवतो, कारण लावलेली राहिली तर तिलाही कुलूप लागतं. दुसरी इंदूरला आत्याकडे. दर संक्रांतीला तिळगूळ आणि पेन ड्राइव्ह दोन्ही जातात.

मोडीचे ते दोनशे चाळीस स्कॅन छापून आम्ही आज सोबत आणले आहेत, मागच्या टेबलावर आहेत. आपल्यापैकी कुणाला मोडी वाचता येत असेल, किंवा घरात वाचणारं कुणी असेल, तर प्रसाद घेऊन जाण्याआधी आम्हाला भेटा.