चौरस तिरपा धरला तर?

(कसबा बावडा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गात आपण सहसा सहकार, पाणीवाटप, उसाचा भाव अशा विषयांवर बोलतो. अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाने आज चार-सहा वर्षांच्या मुलांच्या भूमितीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. भूमिती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कंपासपेटी आणि घोकलेली प्रमेये उभी राहतात. माझा विषय तो नाही. मूल अक्षरे ओळखू लागण्याच्या आधीपासून आकार ओळखत असते. त्या आकारांविषयी 'असे का?' हा प्रश्न त्याला कोणी विचारतो की नाही, यावर त्याच्या विचारशक्तीचे पुढचे वळण बऱ्याच अंशी अवलंबून असते. हा प्रश्न आपल्या समाजात काही मुलांना विचारला जातो आणि बहुसंख्य मुलांना विचारला जात नाही. म्हणून हा विषय आपला आहे.

या विषयाला इतिहासही आहे, आणि तो मोठा गमतीचा आहे. फ्रोबेल या शिक्षकाने १८३७ साली जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची शाळा काढली आणि त्यांच्या हाती लाकडाचा गोल, दंडगोल व घन दिला. पुढे एक घन कापून त्याचे आठ लहान घन केले. ते मुलाने सुटे करावेत, पुन्हा जुळवावेत आणि भाग व पूर्ण यांचे नाते हातानेच समजून घ्यावे, अशी ती योजना होती. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने या बालोद्यानांवर बंदी घातली. आरोप होता समाजवादाचा व नास्तिकतेचा! फ्रोबेलचा पुतण्याही शिक्षणविषयक लेखन करी आणि सरकारने दोघांत गल्लत केली, असे सांगितले जाते. गल्लत झाली असेल. परंतु लाकडी ठोकळ्यांनी एखादे सरकार नऊ वर्षे धास्तावून राहिले, हे आपण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मॉन्टेसरीबाईंनी १९०७ मध्ये आपले पहिले बालगृह उघडले ते रोमच्या सान लोरेंझो या कामकऱ्यांच्या वस्तीत. आज आपल्या शहरांत त्यांचे नाव कोणत्या पाट्यांवर दिसते आणि त्या पाटीमागच्या वर्गाची फी किती असते, हे आपण जाणताच. हे नाते उलटवून पुन्हा सुलटे करण्याचे काम महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केले. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचा प्रयोग केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात जाईल, हे 'अंगणवाडी'चे मूळ. परदेशी साधने महाग होती, म्हणून बिया, शिंपले, माती, पाने हीच त्यांची साधने झाली. ज्या वारली घरांच्या भिंतींवर त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन यांतून अवघी सृष्टी चितारली जाते, तेथील मुलाला आकारांची नवलाई नव्हती. हवी होती ती त्या आकारांवर बोलण्याची संधी.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. पुठ्ठ्याचा एक चौरस कापा आणि पाच वर्षांच्या मुलाला दाखवा. ते 'चौकोन' म्हणेल. तोच चौरस कोपऱ्यावर उभा धरा. पुष्कळ मुले म्हणतील, 'हा पतंग', नाहीतर 'ही शंकरपाळी'. १९५७ मध्ये हॉलंडमधील व्हान हीले या शिक्षक दांपत्याने आपल्या प्रबंधांतून याच गोष्टीचा विचार मांडला. मूल प्रथम आकृती तिच्या एकंदर दिसण्यावरून ओळखते. तिच्या बाजू, तिचे कोन, म्हणजे तिचे गुणधर्म, ते नंतर पाहू लागते. आणि एका गुणधर्मातून दुसरा निघतो, हे त्याला त्याही नंतर उमगते. ही पायरी वयामुळे आपोआप चढली जात नाही, ती अनुभवाने व संभाषणाने चढली जाते. अशा वेळी बाईंनी 'चूक! हा चौरस' असे म्हटले की संभाषण तेथेच संपते. 'मघाशी हाच होता ना? मग काय बदलले?' असे विचारले की मूल पुठ्ठा फिरवून पाहते, बाजू बोटाने मोजते, शेजारच्याशी हुज्जत घालते. ती हुज्जत म्हणजेच तर्कशास्त्राचा पहिला धडा होय.

दुसरा धडा अधिक कठीण आहे. प्रत्येक चौरस हा आयत असतो, पण प्रत्येक आयत चौरस नसतो. पाठ्यपुस्तकात याला व्यत्यास म्हणतात आणि तो नववी-दहावीला शिकवतात. बावड्यातल्या मुलाला तो पहिलीतच सांगता येईल, कारण राजाराम बंधारा त्याच्या गावचा आहे. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्या घरांनी सोसले, तेथे हे आकडे पोराबाळांच्या तोंडी आहेत. पाणी धोका पातळीच्या वर असेल तर ते इशारा पातळीच्या वर असणारच. उलट म्हणता येईल का? मुलाला विचारून पाहा. ते उत्तर देईल आणि कारणही सांगेल, कारण प्रश्न त्याच्या उंबरठ्यावरच्या पाण्याचा आहे.

मोठ्यांची याबाबतची स्थिती फारशी चांगली नाही. टंचाई आली की भाव चढतात, हे खरे. परंतु भाव चढले की टंचाईच असली पाहिजे, हे खरे नव्हे. गोदामे भरलेली असूनही भाव चढवता येतात. आयुष्यभर मी हे पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवत आलो आणि दर वर्षी निम्मा वर्ग व्यत्यासातच अडखळत असे. आपल्याही सभांतून 'जो आपला तो मोर्चाला येतो' यावरून 'जो आला तो आपलाच' असे अनुमान बिनदिक्कत काढले जाते, हे जाता जाता नमूद करतो.

साधनांचा खर्च हा अडथळा नाही. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीची खेळणी केली, त्याला आता कित्येक वर्षे झाली. तीन काड्या नळीच्या तुकड्यांनी जोडल्या की त्रिकोण होतो. तो दाबला तरी डगमगत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलतो. त्याला तिरपी काडी घालून ताठ करता येते, हे मुलाने स्वतः शोधावे. ऊसतोडणीच्या हंगामात जी मुले कोपीत राहतात, त्यांनी बापाला वासे टेकवून बांधताना पाहिलेले असते. गवंड्याच्या मुलाच्या घरी ओळंबा व गुण्या असतो. खोली काटकोनात आली की नाही, हे पाहण्यासाठी गवंडी दोरीवर ३, ४ आणि ५ फुटांची मापे घेतो. ज्ञान हातात आहे. शाळा मात्र ते ज्ञान मानतच नाही.

कोणी म्हणेल, आधी रोजगार, रेशन, मग भूमिती. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पण तो नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दाखवून दिले की सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरी पडतो. आपल्या या बावड्यात १८७४ साली जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, ते तिजोरी ओसंडून वाहत होती म्हणून नव्हे. आज प्रश्न पटावरील नावांपुरता उरलेला नाही. वर्गात काय वाटले जाते, हा आहे. एका शाळेत ठोकळे आणि 'का?', दुसऱ्या शाळेत शंभरापर्यंत एका सुरात पाढा. ही वाटणी आपल्याला मान्य आहे काय? २०२१ पासून 'निपुण भारत' मोहिमेत तिसरीपर्यंत वाचन व अंकज्ञान यावे, असे ध्येय ठेवले आहे. ते योग्यच आहे. मात्र तपासणीला सोपे ते शिकवले जाते, आणि मुलाचे कारण सांगणे तपासणे सोपे नसते.

आपल्याच शहरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढून, मराठी माध्यमातच मुलांना बोलते व विचार करते ठेवता येते, हे दाखवले. ती शाळा पाहून हळहळण्यापेक्षा तिच्यातले काय महापालिकेच्या वर्गात नेता येईल, हे बघावे.

एक सावधगिरी. हे काम अंगणवाडी सेविकेवर आणखी एक ओझे म्हणून टाकू नका. आहार, वजने, नोंदी यांत तिचा दिवस जातो आणि मोबदल्याला पगार न म्हणता मानधन म्हणतात. तिच्या मागण्यांचा लढा चालू ठेवूनच तिच्याकडे जायचे आहे. प्रत्येक शाखेने एक अंगणवाडी धरावी. काड्या, नळ्या, पुठ्ठे आपण न्यावेत; महिन्यातून एकदा वस्तीतल्या गवंड्याला किंवा सुताराला त्याच्या हत्यारांसह तेथे घेऊन जावे आणि त्या दिवसाची त्याची मजुरी बुडणार नाही, अशी तजवीज शाखेच्या निधीतून करावी. मुलांनी काय उत्तरे दिली, ती त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून पुढच्या बैठकीला आणावीत. चुकलेली उत्तरे आधी वाचू.