न उडालेल्या प्रवाशाचे पैसे



कामगार चळवळीतल्या माणसाने विमानाच्या तिकिटावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु २००३ साली एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांची वाट पाडली, तेव्हापासून विमानप्रवास ही केवळ शेठजींची मिरास राहिलेली नाही. आज जोडारी, परिचारिका, पहारेकरीही विमानाने जातात. आणि ऐन वेळी रजा नामंजूर झाली म्हणून तिकीट वाया जाते, तेही यांचेच.

आमच्या संघटनेतल्या एका जोडाऱ्याचे असेच झाले. भाचीच्या लग्नाला जायचे तिकीट त्याने चार महिने आधी काढले होते. रजा मिळाली नाही. कंपनीकडे विचारले, तर उत्तर आले, ‘हे तिकीट बिनपरतीचे आहे.’ तो गप्प बसला. मी त्याला म्हटले, ‘अरे, पगाराची चिठ्ठी बारकाईने वाचतोस, तसे तिकीटही वाच की!’

तिकिटाची रक्कम एकजिनसी नसते. मूळ भाडे आणि इंधन अधिभार कंपनीचा. विमानतळाचे वापरशुल्क, सुरक्षा शुल्क आणि सरकारी कर हे मात्र ती दुसऱ्याकरिता गोळा करते. प्रवासी विमानात चढलाच नाही, तर हे पैसे तिने कोणत्या न्यायाने ठेवावेत? पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापायचा आणि भरायचा नाही, त्यातलाच हा प्रकार!

नियम आपल्या बाजूचा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१६ साली स्पष्ट केले, की तिकीट रद्द केले किंवा प्रवासी आलाच नाही, तरी कर व विमानतळाची शुल्के परत द्यावीत; मूळ भाडे बिनपरतीचे असले तरीही. रद्द करण्याचा आकार मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेहून अधिक नसावा. परताव्याच्या कामासाठी वेगळा आकार घेऊ नये. पैशांऐवजी पुढील प्रवासाची जमा घ्यायची की नाही, हे प्रवाशाने ठरवायचे.

हा शेवटचा मुद्दा टाळेबंदीत फार महत्त्वाचा ठरला. कंपन्या रोख देईनात, जमा घ्या म्हणत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ ऑक्टोबर २०२० रोजी परताव्याचा निकाल लागला. हे आपोआप घडले नाही. प्रवाशांच्या बाजूने कोणीतरी दाद मागितली, म्हणून घडले.

मात्र कंपनीच बसली, तर नियम लंगडा पडतो. ३ मे २०२३ रोजी गो फर्स्टची उड्डाणे थांबली आणि तिकीटधारक इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. बंद गिरणीच्या कामगाराला ही रांग नवी नाही.

मग करावे काय? जाणे होणार नसेल, तर वेळेत तिकीट रद्द करावे. राहून गेले, तरी कर व शुल्के लेखी मागावीत. दाद न लागल्यास सरकारच्या ‘एअरसेवा’ व्यवस्थेत तक्रार नोंदवावी, किंवा ग्राहकांसाठीच्या १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तेथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. दोन वर्षांची मुदत मात्र चुकवू नये.

आमच्या जोडाऱ्याने दोन पत्रे लिहिली. सहाशे बारा रुपये परत आले. रक्कम लहान, पण त्याच्या एका दिवसाच्या घामाची. असे हजारो लोक ‘जाऊ द्या’ म्हणतात, तेव्हा त्या लहान रकमांची मोठी रास दुसऱ्याच्या तिजोरीत पडते. हक्काचा एक रुपयाही मागण्यात लाज नाही; लाज न देणाऱ्याला वाटली पाहिजे.