सहा टक्क्यांचे वचन : भारत आणि ब्राझील

(हीरक महोत्सवी व्याख्यानाची संहिता)



हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या या शाळेच्या वयाचेच एक वचन भारतीय शिक्षणाच्या इतिहासात आहे. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये आपला अहवाल सादर केला. कोल्हापूरच्या मातीतून पुढे आलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव. शिक्षणावरील खर्च वीस वर्षांत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांपर्यंत न्यावा, अशी शिफारस आयोगाने केली. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही राष्ट्रीय धोरणांनी हे उद्दिष्ट मान्य केले. तरीही केंद्र व राज्ये यांचा एकत्रित खर्च अद्याप ४ ते साडेचार टक्क्यांच्या आसपासच रेंगाळतो आहे.

या संदर्भात ब्राझीलचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. तोही विशाल, संघराज्यात्मक आणि तीव्र विषमतेने ग्रासलेला विकसनशील देश. लष्करी राजवट संपल्यानंतर १९८८ मध्ये तेथे नवे संविधान आले. केंद्राने कर-उत्पन्नाचा किमान १८ टक्के आणि राज्ये व नगरपालिकांनी किमान २५ टक्के भाग शिक्षणासाठी खर्च केलाच पाहिजे, असे बंधन त्यात घातले गेले. १९९६ च्या घटनादुरुस्तीने प्रत्येक राज्यात एक सामाईक शिक्षणनिधी निर्माण झाला. राज्य व नगरपालिका त्यात कराचा ठरावीक हिस्सा भरतात आणि तो पटसंख्येनुसार शाळांकडे परततो. जेथे निधी अपुरा पडतो, तेथे केंद्र भर घालते. २०२० मध्ये ही व्यवस्था संविधानात कायमची समाविष्ट झाली आणि या निधीतील किमान ७० टक्के रक्कम शिक्षक व शिक्षणकर्मींच्या वेतनासाठी राखली गेली. ब्राझीलचा शिक्षणखर्च आज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ ते ६ टक्क्यांच्या दरम्यान असतो.

तुलना मात्र न्याय्य हवी. ब्राझीलचे दरडोई उत्पन्न भारताच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे टक्केवारी समान झाली तरी प्रत्येक मुलाच्या वाट्याला येणारी रक्कम समान होणार नाही. भारतानेही २००२ मध्ये शिक्षणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला, २००४ पासून शिक्षण उपकर लावला. परंतु हक्क संविधानात आला, खर्चाची किमान मर्यादा आली नाही. शालेय खर्चाचा मोठा भार राज्ये वाहतात, आणि उपकराच्या रकमेत वित्त आयोगाच्या सूत्राने त्यांना वाटा मिळत नाही.

केवळ पैशाने शिक्षण सुधारते असेही नव्हे. आंतरराष्ट्रीय चाचण्यांत ब्राझीलची मुले अजूनही मागेच आहेत. मात्र त्याच देशातील सेआरा या तुलनेने गरीब राज्याने नगरपालिकांना मिळणाऱ्या करवाट्याचा एक भाग मुलांच्या प्रत्यक्ष अध्ययनाशी जोडला. तेथील सोब्राल हे शहर प्राथमिक शिक्षणात देशात अग्रेसर ठरले. खर्चाची हमी आणि खर्चाचा जाब, दोन्ही एकत्र आल्यावरच हे घडले.

बडोद्याला हा विचार परका नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानास लागू केला. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडताना याच बडोद्याचा दाखला दिला. ते विधेयक फेटाळले गेले; खर्च हे विरोधाचे एक मोठे कारण होते.

सरकारी तिजोरीतून जे येत नाही, ते पालकांच्या खिशातून जाते. ज्यांचा खिसा रिकामा, त्यांच्या मुलांचे शिक्षण थांबते. शिक्षकांच्या रिक्त जागा आणि घटती पटसंख्या यांची झळ प्रादेशिक भाषांच्या शाळांना आधी लागते, हे परप्रांतातील मराठी शाळांइतके कोणाला ठाऊक असणार? ज्यांना शुल्क परवडते ती कुटुंबे या शाळांपासून दूर गेली, की अनुदानासाठी उठणारा आवाजही क्षीण होतो. म्हणून माजी विद्यार्थ्यांची देणगी जितकी मोलाची, तितकाच त्यांचा प्रश्नही मोलाचा. दरवर्षी अंदाजपत्रक मांडले जाईल तेव्हा शिक्षणाच्या वाट्याला किती आले, हे प्रत्येक पालकाने आपल्या लोकप्रतिनिधीला विचारावे. साठ वर्षांपूर्वीचे वचन तेव्हाच पुन्हा चर्चेत येईल.