बारा टक्क्यांपर्यंत



वहीत खाडाखोड झाली की पान पुन्हा लिहायचं, ही शिस्त आपल्याला इथे लागली. तीच घेऊन मी जिनिंगच्या धंद्यात आलो. पण कापूस म्हणजे शुद्धलेखन नव्हे! सीसीआय हमीभावाचा पूर्ण दर देते तो आठ टक्के ओलाव्याला. पुढे बारापर्यंत दर कापून घेते, बाराच्या वर घेत नाही. म्हणजे नियमातच चार टक्क्यांची मोकळीक आहे. फार कोरडा कापूस मागत बसलं तर जिनिंगमध्ये तंतू तुटतो. शिवाय दिवाळीनंतर आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फाटकाबाहेर रांगा लागतात; माझ्या चोखंदळपणापायी कास्तकाराने रात्र थंडीत का काढावी?

दोन गोष्टींत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. खताच्या पोत्याचा एक प्लास्टिकचा धागा १७० किलोच्या गाठीत गेला, तर तो रंग धरत नाही आणि पुढे कापडावर डाग होऊन दिसतो. म्हणून वेचायला बाया बसवलेल्याच असतात, मंदी असो की तेजी. दुसरी आग. कापसातून खिळा मशीनमध्ये गेला की ठिणगी उडते, आणि रुई पेटायला वेळ लागत नाही. तिथे ‘चालतंय’ म्हणणारा माणूस मी ठेवत नाही.

ऑफिसचा रंग चार हंगाम राहिला आहे. राहू दे. वजनकाटा मात्र रोज सकाळी तपासतो. कास्तकाराची नजर आधी तिथेच जाते.