डाळिंब आणि रक्तवाढ : समज आणि वस्तुस्थिती

(वार्षिक सर्वसाधारण सभेच्या प्रसंगी रुग्णालयाच्या आहार विभागाच्या वतीने दिलेले व्याख्यान)



रुग्णाच्या भेटीस येणाऱ्या आप्तांच्या हाती बहुधा डाळिंब असते. महाराष्ट्रात हे स्वाभाविकच आहे. पुण्याच्या गणेशखिंड येथे निवडलेल्या ‘गणेश’ जातीपासून आजच्या ‘भगव्या’पर्यंत या फळाने आपल्या कोरडवाहू भागाला आधार दिला. सोलापूरच्या डाळिंबास २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

हे फळ गुणी आहे, यात शंका नाही. शंभर ग्रॅम दाण्यांतून सुमारे चार ग्रॅम तंतुमय पदार्थ, दहा मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व आणि फोलेट मिळते. त्यातील पॉलिफेनॉल द्रव्यांवर जगभर संशोधन चालू आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आठ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात, डाळिंबाचा रस घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सुमारे पाच मिलिमीटरने कमी झाल्याचे आढळले. हा लाभ स्वागतार्ह असला तरी तो औषधाची जागा घेऊ शकत नाही. आयुर्वेदातही दाडिमाला मानाचे स्थान असून पचनाच्या तक्रारींवर दाडिमाष्टक चूर्ण प्रसिद्ध आहे.

मात्र ‘डाळिंबाने रक्त वाढते’ हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे. रसाचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतो. त्याचा लोहाशी संबंध नाही. शंभर ग्रॅम दाण्यांत लोह असते जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. गरोदर स्त्रियांना शासकीय आरोग्य केंद्रांतून विनामूल्य मिळणाऱ्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. केवळ आकड्यांचा हिशेब मांडला, तर तेवढ्या लोहासाठी वीस किलो दाणे खावे लागतील!

हा हिशेब मांडण्याचे कारण गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. गोळीने मळमळते, शौचास काळी होते, म्हणून ती बंद केली जाते आणि तिच्या जागी पदरमोड करून रस आणला जातो. घरच्यांच्या मायेत उणीव नसते. पण मधल्या काळात थकवा व धाप वाढत जाते आणि बाळंतपणाच्या वेळी होणारा रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. शौचाचा काळा रंग हा गोळीतील लोहाचा परिणाम असून निरुपद्रवी आहे. मळमळ होत असल्यास गोळी स्वतःहून थांबवू नये. जेवणानंतर किंवा रात्री घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. गोळीच्या आगेमागे चहा-कॉफी टाळावी आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. हिमोग्लोबिन वाढल्यावरही शरीरातील लोहाचा साठा भरून येण्यासाठी डॉक्टर सांगतील तितके महिने गोळ्या चालू ठेवाव्यात.

आहारात बाजरी, कडधान्ये, हिरव्या पालेभाज्या, अळीव, आणि चालत असल्यास मांस-मासे असावेत. भाजी-आमटीवर लिंबू पिळावे, पेरू किंवा आवळा खावा. त्यांतील ‘क’ जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह अधिक शोषले जाते.

डाळिंब खाताना रसापेक्षा दाणे चावून खाणे हितकर, कारण गाळलेल्या रसातून तंतू निघून जातात आणि साखर तेवढी उरते. मधुमेहींनी म्हणूनच बेताने खावे. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे २३५ मिलिग्रॅम पोटॅशियम असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णांनी, विशेषतः डायलिसिस चालू असलेल्यांनी, डॉक्टरांच्या अनुमतीवाचून डाळिंब किंवा त्याचा रस घेऊ नये.

देणगीदारांना एक नम्र विनंती आहे. वाढदिवस, पुण्यतिथी अशा निमित्ताने आपण रुग्णांना फळे वाटता. त्या टोपलीत डाळिंबासोबत पेरू, फुटाणे आणि अळिवाचे लाडूही असावेत. मात्र कोणत्या रुग्णाला काय चालेल, हे आधी परिचारिकेस विचारावे.

डाळिंब अवश्य आणावे, प्रेमाने सोलून द्यावे. त्याच वेळी रुग्णाने आजची गोळी घेतली आहे ना, एवढे विचारण्यास विसरू नये.