न दिसणारी डिस्क

नव्या संगणकावर विंडोज बसवावयास घ्यावी आणि ती कोठें बसवावी हें विचारणाऱ्या पडद्यावर एकहि डिस्क दिसूं नये, असा प्रसंग आज अनेक घरांत येतो. डिस्क निकामी झाली असें समजून गृहस्थ दुकानाची वाट धरतो. परंतु न दिसणें म्हणजे नसणें नव्हे. एवढा विवेक राखला तर खर्च आणि हानि दोन्ही टळतात.

संगणक व डिस्क यांचें बोलणें परस्पर होत नाहीं. मध्यें कंट्रोलर नांवाचा मध्यस्थ असतो. त्याची भाषा जाणणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. मध्यस्थ नवा आणि विंडोजच्या संचांत त्याचा दुभाषा नाहीं, असें झालें कीं धडधाकट डिस्कहि अदृश्य राहते. २००१ सालच्या विंडोज एक्सपीला मागाहून आलेल्या एएचसीआय पद्धतीची ओळख नव्हती. तेव्हां आरंभींच एफ-६ ही कळ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे. २०२० पासून आलेल्या, इंटेलच्या अकराव्या व पुढील पिढ्यांच्या अनेक संगणकांत व्हीएमडी नांवाचा मध्यस्थ तीच अडचण उभी करतो.

प्रथम बायॉसमध्यें डिस्कचें नांव पाहावें. तेथेंहि तें नसेल, तरच जोडणीचा वा डिस्कचा संशय घ्यावा. नांव असल्यास दुसऱ्या संगणकावर, उत्पादकाच्या संकेतस्थळावरून, त्याच मॉडेलसाठीं दिलेला इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा. तो झिप स्वरूपांत असल्यास उलगडावा; आंत आयएनएफ प्रकारची फाइल दिसली पाहिजे. तें फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवून त्याच पडद्यावरील ‘लोड ड्रायव्हर’ निवडावें व फोल्डर दाखवावें. ड्रायव्हर योग्य असल्यास डिस्क यादींत प्रकट होते.

बायॉसमध्यें व्हीएमडी बंद करण्याचा आडमार्गहि आहे. कोऱ्या डिस्कसाठीं तो बहुधा चालतो. परंतु डिस्कवर जुनी विंडोज असेल, तर ती सुरू होईनाशी होऊं शकते. बिटलॉकर असल्यास रिकव्हरी-की मागितली जाते. आणि अनेक डिस्कांचा रेड संच बांधलेला असल्यास तो ओळखेनासा होतो.

डिस्क दिसूं लागल्यावरहि सावधगिरी सोडूं नये. आंतील मजकुराची नक्कल अन्यत्र असल्याखेरीज ‘डिलीट’ अथवा ‘फॉरमॅट’ यांस हात लावूं नये. डिस्क बाजारांत पुन्हां मिळते. तिच्यांतील घरच्या माणसांचीं छायाचित्रें मिळत नाहींत.